ओडेटचा पाक आणि अर्मांमामाचा दगड

ओडेटनं शिवी दिली की मी निर्धास्त होते. तिची ती रीतच आहे. काही बिनसलं की आधी एक शिवी, तीही फ्रेंच बोलणाऱ्या आज्यापणज्यांकडून आलेली, चर्चमधल्या पूजेच्या भांड्यांची नावं घेऊन दिलेली. मी कानावर हात ठेवल्यासारखं करते आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेते, म्हणजे फिटंफाट. मग ती काळी कॉफी पिते, उभ्यानंच. मग बाह्या वर सारते. बाह्या वर गेल्या की समजावं, आता अडचणीची काही खैर नाही.

त्या गुरुवारी मात्र भावाच्या गॅरेजमधला मोठा फ्रीजर उघडून ती नुसती उभी राहिली. शिवी नाही, काही नाही. मी घाबरले ती तेव्हा.

पण आधी ओडेट कोण, ते सांगायला हवं.

अमेरिकेतल्या व्हर्माँटच्या वरच्या अंगाला आमचं नॉर्थ हॅलम गाव. एका बाजूला ग्रॅनाइटच्या खाणी, दुसऱ्या बाजूला मेपलची टेकडी. इथं माणूस एकतर दगडाचा असतो, नाहीतर रसाचा. माझे यजमान शाळेत गणित शिकवायला म्हणून इथं आले, त्याला आता माझे केस पांढरे होण्याइतका काळ झाला. ओडेट तेव्हा शाळेची बस चालवायची. माझी दोन्ही मुलं तिच्या बसमध्ये लहानाची मोठी झाली. वादळात बस अडकली तर ही मुलांना गाणी म्हणायला लावून स्वतः फावडं घेऊन खाली उतरायची, आणि मुलं घरी येऊन सांगायची, "आई, आज खूप मज्जा आली, आम्ही खड्ड्यात गेलो होतो!"

तिच्या वडिलांचं टेकडीच्या पायथ्याशी साखरघर होतं. मी पहिल्या दिवसापासून त्याला गुऱ्हाळच म्हणते. माझं माहेर वाळव्याकडचं. लांबलचक कढई, खाली धडधडणारी भट्टी, छपरातून उसळणारी वाफ आणि अख्ख्या शिवारात सुटलेला गोड वास. रस उसाचा नाही, मेपलच्या झाडाला भोक पाडून काढलेला, एवढाच फरक. वडील गेले तेव्हा सगळ्यांना वाटलं, भट्टी आता कायमची विझली. पण ओडेटनं पन्नाशीत बसच्या किल्ल्या शाळेला परत दिल्या आणि भट्टी पेटवली.

पहिल्याच वर्षी शेजाऱ्याची गाय विताना बघायला म्हणून दोन मिनिटं बाहेर गेली आणि कढई करपली. पाकाकडं पाठ करायची नसते, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. पण वासरू बघायचा मोह तिला आवरला नाही. शिवी, कॉफी, बाह्या. त्या करपट पाकात तिनं राजमा शिजवला, चर्चच्या जेवणाला नेला, आणि पातेलं पुसून काढलं लोकांनी. आता "ओडेटचा करपट राजमा" बरण्यांतून विकला जातो, आणि त्यासाठी ती दरवर्षी एक घाणा मुद्दाम करपवते. दुसऱ्या वर्षी बाटल्याच वेळेवर आल्या नाहीत. हिनं गावभर फिरून तळघरांतल्या जुन्या लोणच्या-मुरंब्याच्या बरण्या गोळा केल्या. एकीसारखी दुसरी नाही. लोक आपल्या आजीची बरणी शोधत आले आणि पाकासकट विकत घेऊन गेले! मी म्हटलं, "अगं, त्यांचीच बरणी त्यांना विकलीस." तर म्हणाली, "रिकामी दिली होती, भरून दिली. अजून काय हवं?"

तर अशी ही बाई. पण टेकडी तिची नव्हती. झाडं होती तिच्या आईच्या भावाची, अर्मांमामाची.

अर्मांमामा ऐंशी ओलांडलेले, बांबूसारखे सरळ, बोलले तर टोचून बोलणार. ब्लान्शमामी गेल्या तेव्हाच त्यांनी एल्विओ दगडवाल्याकडून आपलाही थडग्याचा दगड करून घेतला. नाव, जन्माचं साल, पुढं एक रेघ, आणि रेघेच्या पुढं कोरं. "जोडीनं घेतला की स्वस्त पडतो," म्हणाले. तो दगड एल्विओच्या शेडमध्ये पडून होता आणि मामा अधूनमधून जाऊन बघून यायचे, जसं कुणी शिंप्याकडं टाकलेला कोट बघायला जावं.

त्या हिवाळ्यात एक मोठी कंपनी टेकडीसाठी मामांच्या मागं लागली. सगळ्या झाडांना नळ्या जोडायच्या आणि रस थेट त्यांच्या कारखान्यात न्यायचा. मामांनी भाचीला बोलावून सरळ सांगितलं.

"भाची, दर मार्चला तुझं काहीतरी फुटतं, जळतं नाहीतर सांडतं. माझं वय झालंय, मला झोप लागत नाही."

"तुला आधीपण लागत नव्हती, मामा."

"ते सोड. तू म्हणतेस ना, गावजेवण पुन्हा सुरू करते? कर. मी येऊन बघेन. निभावलंस तर टेकडी तुझ्याकडं राहील, मी असेन तोवर आणि नसेन तेव्हाही. नाही निभावलं तर सोमवारी कंपनीचा माणूस येतोय, मी सही करून मोकळा."

हे गावजेवण म्हणजे नॉर्थ हॅलमचा सण. मार्च सरताना साऱ्या गावानं जमायचं. उथळ लाकडी पेट्यांत स्वच्छ बर्फ दाबून भरायचा आणि वरून गोळीबंद पाकाची धार सोडायची. बर्फावर पडताच पाक आवळतो, त्याची सोनेरी चिवट पट्टी होते. ती काट्याला गुंडाळून खायची. जीभ गोडानं जड झाली की व्हिनेगरमधली आंबट काकडी चावायची, वर साधा डोनट, की पुन्हा गोडाला जागा. चर्चच्या बायका वर्षानुवर्षं हे करत. त्या थकल्या आणि जेवण बंद पडलं. ओडेटनं ते आपल्या गुऱ्हाळात पुन्हा मांडायचं ठरवलं आणि पोस्टापासून खाणीच्या फाटकापर्यंत हातानं रंगवलेल्या पाट्या लावल्या.

बर्फाचं काय, तर इथली शहाणी माणसं तो फेब्रुवारीतच साठवून ठेवतात. आम्ही दोघी टेकडीवर जाऊन वरचा भुसभुशीत, कुणाचा पाय न लागलेला बर्फ झाकणाच्या टबांत दाबून भरला आणि ओडेटचा भाऊ रेनाल्ड याच्या फ्रीजरमध्ये ठेवला. गावात सगळ्यांत मोठा फ्रीजर त्याचा. बुधवारी ढग आले, ऊन ऊन पाऊस पडला आणि एका दिवसात साऱ्या टेकडीवरचा बर्फ चिखल होऊन रस्त्यानं वाहत गेला. आम्ही दोघी खिडकीतून बघत हसत होतो. आमचा बर्फ फ्रीजरमध्ये होता ना!

गुरुवारी झाकण उघडलं, तर आत कागदात गुंडाळलेले मांसाचे तुकडे. काठोकाठ.

"रेनाल्ड," ओडेट इतकी हळू म्हणाली की मला घाम फुटला. "बर्फ कुठाय?"

रेनाल्ड गाडीखालून बाहेर आला. आडदांड माणूस, पण बहिणीपुढं मांजर. "बर्फ? अगं, मूस आला ना!"

मूस म्हणजे घोड्याहून थोराड सांबर. हमरस्त्यावर ट्रकनं उडवला तर वनखात्याचा माणूस गावातल्या कुणाला तरी फोन करतो, मांस वाया जाऊ नये म्हणून. तसा फोन येणं इथं भाग्याचं समजतात. फोन आला की हातातला घास टाकून जायचं.

"मूस आला, ते कळलं. बर्फ कुठाय?"

"बाहेर टाकला."

"बाहेर कुठं?"

"बाहेर... बर्फात." मग त्याला कंठ फुटला. "अगं, फेब्रुवारी होता! कमरेएवढा बर्फ होता सगळीकडं! बर्फ फ्रीजरमध्ये ठेवू आणि मांस अंगणात? कोल्ह्यांनी नेलं असतं! मला वाटलं, बर्फ काय, लागेल तेव्हा दारातून उचलू!"

मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावावा तर अंगात जाकीट. माझ्याकडं बघून रेनाल्डही हसायला लागला, आणि तेव्हा कुठं ओडेटनं शिवी दिली. एक नाही, दोन. "एक तुला, एक तुझ्या मूसला!" मी मनात दोनदा नाव घेतलं. जिवात जीव आला माझ्या.

"डोंगरावर जाऊन आणू?" रेनाल्ड म्हणाला.

"घाटरस्ता चिखलानं बंद झालाय, अक्कलशून्या."

"मग शेजारच्या गावातली स्केटिंगची जागा? तिथं मशीन बर्फ खरवडून मागं ढीग टाकतं. डोंगर आहे नुसता!"

आम्ही गेलो बघायला. ढीग होता खरा, पण राखाडी. त्यात खेळाच्या रेघांचा लाल-निळा रंग मिसळलेला, वर मशीनच्या तेलाचा वास. ओडेटनं चिमूटभर उचलला, हुंगला आणि टाकून दिला. "यावर माझा पाक? त्यापेक्षा मी सोमवारी स्वतःच कंपनीच्या माणसाला कॉफी पाजेन."

मग पेट्रोल पंपावरून बर्फाच्या खड्यांच्या पिशव्या आणल्या आणि हातोड्यानं चेचल्या. पाक ओतला तर तो खड्यांच्या फटींतून खाली पळाला. वर उरलं गोड पाणी. रेनाल्डनं ते पिऊन टाकलं आणि म्हणाला, "वाईट नाही." बहिणीनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो लाकडं फोडायला निघून गेला.

आणि गंमत बघा देवाची! पावसानंतर आभाळ लख्ख झालं. रात्री कडक गारठा, दिवसा ऊन. मेपलच्या रसाला याहून चांगली हवा नाही. झाडं अशी पाझरायला लागली की बादल्या भरून वाहू लागल्या. रस थांबत नाही, ठेवला तर आंबतो, म्हणजे कढवायलाच हवा. इकडं बर्फाचा कण नाही आणि तिकडं पाकाचा पूर. गावात ज्याला दोन हात होते तो बादल्या वाहत होता. भट्टी धडधडत होती, वाफेत माणसाला माणूस दिसत नव्हतं. ओडेट कढईच्या कडेनं धावत होती, फेस वर आला की सायीचा थेंब टाकत होती. फेस बसायचा आणि पुन्हा उठायचा.

शुक्रवारी दुपारी अर्मांमामा काठी टेकत आले आणि भट्टीजवळच्या बाकावर बसले.

"काय भाची, ऐकलं ते खरं का? भावानं बर्फ बर्फात टाकला म्हणे."

"खरं आहे."

"मग उद्या पाक कशावर ओतणार? माझ्या टकलावर?"

"तेवढं गार नाहीये ते, मामा. तुझं डोकं नेहमी तापलेलं."

मामा ओठाच्या कोपऱ्यातून हसले. "सोमवारी दहाला येतोय तो माणूस," एवढंच म्हणाले आणि निघाले.

ओडेट त्यांच्या पाठीकडं बघत राहिली आणि हातातल्या छोट्या पातेल्यातला पाक पुढं गेला. गोळीबंदच्याही पुढं, फेकायच्या लायकीचा. ओडेटनं एक जोरदार शिवी दिली, मागचं दार लाथेनं उघडलं आणि सगळा पाक पायरीवर ओतून टाकला.

ती पायरी म्हणजे थडग्याचा टाकाऊ दगड. आमच्या गावात निम्म्या घरांच्या पायऱ्या अशाच. कोपरा फुटलेला, चीर गेलेला दगड कोण विकत घेणार? मग खाणीवाले तो शेजाऱ्यांना देतात. मागचं दार उत्तरेकडं, ऊन कधी पडत नाही, म्हणून तो दगड रात्रीचा गारठा धरून होता.

जरा वेळानं बाहेरून विचित्र आवाज यायला लागला. ओडेटची कुत्री, टूटी, अंगणात गोल गोल पळत होती. तोंड मिटलेलं, उघडेना! वरचे दात खालच्या दातांना चिकटलेले. दोघींनी तिला धरलं, तोंडात बोट घातलं, तर निघाली सोनेरी, लवचीक, लांबच लांब पट्टी.

ओडेट पायरीपाशी गुडघ्यावर बसली. पाकाची कड नखानं उचलली. कातडं सोलावं तशी आख्खी पोळी दगडावरून उचलून आली. तिनं तुकडा मोडला, अर्धा मला दिला. आम्ही चघळत एकमेकींकडं बघत राहिलो. पुढं गेलेला पाक असूनसुद्धा असा! नेमका उतरवला तर?

"कुमुद," ती तोंड चिकटलेलं असतानाच ओरडली, "गाडी काढ!"

कॉफी राहिलीच. बाह्या आधीच वर होत्या.

एल्विओची शेड खाणीच्या रस्त्याला. बुटका, गोल माणूस. पणजोबा इटलीहून छिन्नी घेऊन आले, तेव्हापासून घराणं दगड कोरतंय. ओडेट आत शिरली ती धापा टाकत.

"एल्विओ, थडग्याचे दगड हवेत. लहान, जमिनीसरशी बसवतात ते. असतील तेवढे."

एल्विओनं टोपी काढली. "कोण कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. जेवण आहे!"

त्यानं टोपी परत घातली आणि माझ्याकडं पाहिलं. घरात शहाणं कोण आहे हे विचारावं तसं. मी सगळं सांगितलं. तो हसला, मग गंभीर झाला.

"देईन. कोरे आहेत, वरून चकाकी दिलेले. पण बाई, उद्या त्यावर कुणाचं तरी नाव यायचं आहे. लोकांना आवडेल का?"

ओडेटनं माझ्याकडं पाहिलं. मला राहवलं नाही. म्हटलं, "आमच्याकडं माणूस गेल्यावर त्याच्या नावानं जेवू घालतात. इथं दगडानं आधीच जेवू घातलेलं असेल. त्यात अशुभ ते काय?"

एल्विओनं क्षणभर विचार केला, छातीवर क्रूस काढला आणि म्हणाला, "चला, उचला. पाठीला जपा, नाहीतर एक इथंच लागेल."

डझनभर दगड निघाले. प्रत्येक दोघांनी उचलायचा. उकळत्या पाण्यानं घासले, पुसले, जाड पिशव्यांत बांधले आणि गुऱ्हाळामागच्या ओढ्यात ठेवले. वरच्या डोंगरातून वितळून येणारं पाणी ते, हात घातला तर हाडं दुखतात. संध्याकाळच्या आत एक काढून बघितला. लोण्याचा हात फिरवला, पाकाची धार सोडली. धार पडली, थरथरली आणि जागेवर आवळली. ओडेटनं रेनाल्डला मिठी मारली. मग आठवण झाली तशी त्याला ढकललं आणि म्हणाली, "तुझा मूस बाहेर काढ. उद्या सगळ्यांसाठी त्याचा रस्सा तू करायचा. कांदे तूच चिरायचे."

शनिवारी गाव लोटलं! रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या, चिखलात रुतलेले बूट, एका बुटात पाय आणि दुसरा हातात घेऊन आलेली माणसं. चर्चच्या बायकांनी डोनटच्या परड्या आणल्या, आंबट काकड्यांची पिंपं आणली. रेनाल्ड डोळे पुसत रश्श्याच्या पातेल्यापाशी उभा. कांद्यानं की पश्चात्तापानं, कळायला मार्ग नव्हता. मी मांस खात नाही, पण चव बरी होती म्हणे.

दगड पाटांवर मांडलेले बघून आधी सगळे दारातच थबकले. मग एक खाणीतला म्हातारा म्हणाला, "ओडेट, यातला माझा कुठला?"

"गिळशील तो तुझा!"

हशा पिकला आणि जेवण सुरू झालं. धार पडत होती, काटे फिरत होते. पोरं एकमेकांच्या तोंडातून पट्ट्या ओढत होती. "अगं, बर्फापेक्षा हे बरं," एक बाई म्हणाल्या, "पाणी सुटत नाही, निखळ पाकच तोंडात येतो." ओडेटच्या कानावर ते गेलं आणि तिचे कान लाल झाले.

अर्मांमामा भिंतीला पाठ लावून बसले होते. हाताची घडी. काहीच खाल्लं नव्हतं.

आणि मग धार पडली ती आवळेना. पसरली, पसरतच राहिली आणि कडेवरून खाली ठिबकली. मी दगडाला हात लावला. कोमट. दुसऱ्याला लावला, तोही कोमट. इतका उकळता पाक इतक्या वेळा पडल्यावर दगड तरी काय करणार! ओढ्यात परत टाकले, पण दगड तापायला वेळ लागतो तसा निवायलाही लागतो. रांग पार रस्त्यापर्यंत गेलेली. पोरं थाळ्या वाजवत होती.

ओडेटनं शिवी दिली. खिशातून फ्लास्क काढून कॉफीचा घोट घेतला. बाह्या चाचपल्या. मग लाकडाच्या ओंडक्यावर चढली आणि रांगेला ओरडून सांगितलं.

"ऐका! दगड तापलेत. पाक आहे, पण बसायला जागा नाही त्याला. दगड निवेपर्यंत थांबावं लागेल. कुणाला जायचं असेल तर राग नाही. थांबणाऱ्यांना मूसचा रस्सा आहे, रेनाल्डनं केलाय. वाईट असेल तर त्याला सांगा, मला नको. आणि मोकळ्या हातांनी थांबू नका, टेकडीवर बादल्या वाहतायत भरून!"

मी रांगेकडं बघत होते. आधी कोण हलणार? एक तरणं जोडपं वळलं, गाडीकडं गेलं. गेले, असं वाटलं. तर गाडीतून रबरी बूट काढून, घालून, दोघं टेकडीकडं चालायला लागले. त्यांच्यामागं खाणीतला म्हातारा, त्याच्यामागं पोरं, मग निम्मी रांग! उरलेली निम्मी रश्श्यावर तुटून पडली. रस घेऊन येणाऱ्या बादल्यांची माळ लागली आणि भट्टीनं पुन्हा आवाज धरला.

तेव्हा अर्मांमामा उठले.

"एल्विओ, माझा दगड कुठाय?"

एल्विओच्या तोंडात डोनट होता. "शेडमध्ये. उत्तरेच्या भिंतीशी. कुठं असणार?"

"गार आहे?"

"जानेवारी आहे अजून त्याच्या पोटात."

"मग आण. माझा जाड आहे, तुझ्या त्या बिस्किटांसारखा नाही. मी पैसे देऊन घेतलाय."

"अर्मां, अरे पण त्यावर नाव आहे!"

"मला माहितेय नाव. माझंच आहे."

ट्रॅक्टरच्या पुढच्या सुपात बसून मामांचा दगड आला, आणि गावानं टोप्या काढून टाळ्या वाजवल्या. पालखीला वाट द्यावी तशी रांग दुभंगली. चार माणसांनी उतरवला. मी उकळतं पाणी नको म्हटलं, तापेल तो. मग ओढ्याच्या गार पाण्यानंच धुतला, स्वच्छ फडक्यानं अक्षरांच्या खाचा पुसून काढल्या. ओडेटनं लोणी लावलं, खाचांतूनही बोट फिरवलं. पातेलं घेऊन ती थांबली.

"मामा, ओतू?"

"मग काय आरती करतेस? ओत!"

धार पडली. नावावर पडली, खाचांत शिरली, भरली आणि जागच्या जागी आवळली. थोड्या वेळानं ओडेटनं कड उचलली आणि सगळी पोळी सोलून उलटी केली. त्यावर उठून आलेलं मामांचं नाव! उलट्या अक्षरांत, सोन्याचं!

असा ओरडा झाला की टूटी बाकाखाली पळाली. "मला त्यातलं एक अक्षर!" "मला शेवटचं!" शाळेतली मॅडलिन नाचायला लागली, "एम माझा, एम माझा!" मामांनी स्वतः तिला मधलं एम मोडून दिलं. घाण्यामागून घाणा, आणि दर घाण्याला मामांचं नाव गाव वाटून खात होतं. तो जाडजूड दगड काही तापेना. तोवर ओढ्यातले लहान दगडही निवले, आणि आता त्यांच्यावरही नाव हवं म्हणून लोक एल्विओच्या मागं लागले.

शेवटच्या पोळीतला एक तुकडा ओडेटनं मामांपुढं धरला. गुळगुळीत होता. रेघेच्या पुढचा, जिथं काही कोरलेलं नाही तिथला.

मामांनी तो उजेडात धरून बघितला. "ह्याच्यावर काही नाही."

"नाहीच आहे अजून, मामा."

त्यांनी तो तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. आंबट काकडी मागितली, चावली. मग म्हणाले, "मला वाटलं, दगड तापले की तू रडशील, नाहीतर मागच्या दारानं पळशील. तू तर लोकांना कामाला लावलंस."

"मग? सोमवारी तो माणूस..."

"येऊ दे की. त्याला डोनट दे. लांबून येतोय." काठी उचलली. "टेकडी तुझी. ही जागा कोरी आहे तोवर तुझी, आणि भरल्यावरही तुझी. आता ती कॉफी दे इकडं, एकटीच पितेस मघापासून."

ओडेटनं शिवी दिली. डोळे पुसत दिली, म्हणून मी ती मोजली नाही.

सोमवारी कंपनीचा माणूस आला आणि डोनट खाऊन गेला. सोबत करपट राजम्याच्या दोन बरण्या विकत घेऊन गेला. एल्विओनं ओडेटला नवे दगड कोरून दिले, मेपलच्या पानांचे, मूसचे, आणि एकावर रेनाल्डचं तोंड. त्यांवर पाडलेल्या वड्या आता दूरदूरच्या गावांतून लोक मागवतात.

पण गावजेवणाला मात्र मामांचाच दगड लागतो. त्यांनी तो एल्विओकडं परत जाऊ दिला नाही, गुऱ्हाळातच उत्तरेच्या भिंतीशी ठेवलाय. दर मार्चला तो धुवायचं काम माझ्याकडं असतं. मी नावावरून फडकं फिरवते, जन्मसालावरून फिरवते, रेघेवरून पुढं जाते आणि मनात देवाला हात जोडते.

यंदाही धुतला. रेघेच्या पुढं अजून कोरंच आहे. मामा बाकावर बसून ओरडत होते, "नीट घास कुमुद, त्यावर जेवायचंय लोकांना!"